रोजची एक कळशी

५ जानेवारी १९७४

नवं गाव, नवं घर आणि नवी वही, तिन्हींचा मुहूर्त आज एकदमच लागला. सोलापूरच्या एस.टी.तून उतरलो तो शिवलिंग स्टँडवर हजर. याच्याकडूनच मी घर घेतलं. गुळाचा व्यापारी, माझ्याच वयाचा. ताराबाई पार्कात नवा बंगला बांधून तो तिकडे राहायला गेला आहे. किल्ली देण्याआधी त्याने मला गंगावेशीत नेलं आणि समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात दिला. म्हणाला, "पावणं, कोल्हापुरात दूध मागायचं नसतंय, नुसता गलास धरायचा." आमच्या सोलापुरात पाण्यालासुद्धा एवढा मान मिळत नाही.

घर शुक्रवार पेठेत, दगडी जोत्याचं, वर माडी. मधल्या खोलीच्या जमिनीत लाकडी झडप आहे, ती उचलली की तळघर. तळघर पाहूनच मी घर पसंत केलं. महाद्वार रोडवर पाडव्याला सोलापुरी चादरींचं दुकान काढायचं आहे, आणि माल ठेवायला एवढी जागा गावात दुसरीकडे मिळणार नाही. खोट एकच. खाली मातीची जमीन, उंचसखल, आणि पूर्वेच्या भिंतीशी एक खळगा. त्यात बोट घातलं तर गार चिखल लागला. ऐन थंडीत, पावसाचा मागमूस नसताना.

ओल माझी वैरीण आहे. आमची पहिली मुलगी कालिंदी सांगलीच्या भाड्याच्या ओल्या खोलीत छाती भरून दगावली. दीड वर्षाची होती. तिचं नाव नव्या गावात काढायचं नाही असं मी आणि नंदिनीने ठरवलं आहे. नंदिनी मला 'कालिंदीचे बाबा' म्हणायची, तेही तिने सोडलं. आता नुसतं 'अहो'. ती बार्शीला माहेरी बाळंत झाली आहे. मुलगा आहे, बंडू म्हणतो आम्ही त्याला. दोघं फेब्रुवारीअखेर येतील. तोवर या घरात ओलीला थारा ठेवायचा नाही. बंडू जगला पाहिजे. बाकी काही झालं नाही तरी मला चालेल.

९ जानेवारी

ओलीचं मूळ सापडलं, आणि हसावं की रडावं कळेना. शिवलिंगची आई, रत्नव्वा. घर देताना त्याने एक अट घातली होती: आई रोज सकाळी येऊन तळघरात एक कळशी पाणी घालेल, तिला अडवायचं नाही. मी फारसं मनावर न घेता हो म्हणून टाकलं. वाटलं, म्हातारी चार दिवस येईल आणि गुडघे धरून बसेल.

पण बाई पन्नाशीच्या पुढची असूनही काटक आहे. ताराबाई पार्कापासून चालत येते, आमच्याच नळावर तांब्याची कळशी भरते, खाली उतरते, खळग्यात हळूहळू पाणी सोडते, कानडीत काहीतरी पुटपुटते आणि वर येते. म्हणजे नदी नाही, झरा नाही, फुटका नळ नाही. वर्षानुवर्षं माणसंच पाणी ओतताहेत आणि वर म्हणताहेत तळघर ओलं आहे. मी विचारलं, कुठला देव आहे खाली? ती म्हणाली, "द्येव न्हाय. तिथं पाणी घालायचं असतंय." गाढवापुढे वाचली गीता, असं मी मनात म्हटलं.

१५ जानेवारी

काल रत्नव्वा तिळगूळ घेऊन आली. मी तिळगूळ घेतला, गोड बोललो आणि सांगून टाकलं की उद्यापासून पाणी बंद, खाली फरशी घालतो आहे. शिवलिंगला आधीच गाठलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, आता घर तुमचं, मी काय बोलू. रत्नव्वा मात्र उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "बंद करू नगा. तिला तहान लागती."

मी म्हटलं, मग तिला सांगा, नळावर येऊन पी. मला विनोद चांगला जमला असं वाटलं. बाई हसली नाही.

१९ जानेवारी

म्हातारी ऐकत नाही. नळ देत नाही म्हटल्यावर आता घरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन येते. आज मी दार उघडलंच नाही. खिडकीच्या फटीतून पाहत होतो. उन्हात उभी, कळशी खाली ठेवेना, हाक मारेना. मी दाढी केली, पेपर वाचला, भाकरी खाल्ली, तरी ती उभीच. सगळा पदर भिजला होता. शेवटी तिने पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि गेली. तासाभराने मी दार उघडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की, लोकांच्या दारात चिखल करायची ही कुठली रीत. त्यानंतर ती आली नाही. कधीकधी माणसाला कठोर व्हावंच लागतं.

२७ जानेवारी

काम सुरू झालं. गवंडी सयाजी, दणकट आणि तोंडाळ. जमीन खरवडली, खळग्यातला चिखल काढला तर त्यात हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. मी ते राडारोड्याबरोबर टाकून दिले. मग मुरूम टाकला, धुम्मसाने ठोकला, पाणसळ लावून पाहिली. सगळीकडे सारखं. दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा होता तिथे. पुन्हा मुरूम, पुन्हा ठोक. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सयाजी म्हणाला, "शेठ, हितं धुम्मस हाणला की मऊ लागतंय. पोटावर हाणल्यागत. उकरून बघू की एकदा." उकरलं की आठवडा गेला, हे मी ओळखून आहे. मी म्हटलं, हाण. तो हाणेना. तेव्हा धोतर खोचून मीच धुम्मस घेतला आणि हात भरून येईपर्यंत त्या जागेवर ठोकत राहिलो. आता जागा दगडासारखी झाली आहे. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, पाहावं ठोकून.

१० फेब्रुवारी

झालं एकदाचं. मुरमावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा, त्यावर डांबराचे दोन हात, मध्ये डांबरी कागद, वर सिमेंट आणि सगळ्यावर शहाबादी फरशी. खालचा थेंब वर येणार नाही आणि वरचा खाली जाणार नाही. कोपऱ्यात मोरी काढून तिकडे हलका उतार दिला आहे. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सगळं शहाण्यासारखं मोरीकडे गेलं. झडपेला नवी लोखंडी कडी बसवली, म्हणजे उंदीर वर येणार नाहीत.

फरशीला गाल लावून पाहिला. कोरडी खडखडीत. कालिंदीच्या वेळी हे सुचलं असतं आणि ऐपत असती तर, असं मनात आलं आणि डोळे भरले.

१ मार्च

नंदिनी आणि बंडू काल आले. काय बाळसं धरलं आहे पोराने. मनगटाला वळ्या पडल्या आहेत. नंदिनीला दूध इतकं की पोळक्यात फडक्याची घडी ठेवावी लागते. बाळाला न्हाऊ घालायला झुंबरबाई ठरवली आहे. ती पोराला पायावर घेऊन म्हणाली, "ह्यो तर तालमीतच घालायचा." नंदिनी घरभर हिंडली, प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसली. सांगलीनंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मोठ्या समाधानाने झोपतो.

१३ मार्च

घर फार कोरडं झालं आहे. उन्हाळा लवकर लागला म्हणावा तर शेजारी कुणाची तक्रार नाही. आमच्याकडे मात्र माठ भरून ठेवला की थोड्या वेळात तळाला जातो. माठ बदलला, नव्याचंही तेच. धुतलेले लंगोट दोरीवर घालेपर्यंत वाळतात. दाराच्या फळ्यांना चिरा गेल्या, तुळस एका दिवसात काडी झाली. आम्हा तिघांचेही ओठ फुटले आहेत. झुंबरबाई म्हणते, ह्या घरात आल्यापासून तिच्या हातातलं तेलसुद्धा पोराच्या अंगाला लागायच्या आत सुकतं.

तळघरात चादरी मात्र उत्तम आहेत. बुरशीचा ठिपका नाही.

२५ मार्च

काल पाडव्याला दुकान उघडलं. गिऱ्हाईक बरं झालं. पण घरी आलो तर नंदिनीला ताप, आणि उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ. मी लगेच डॉक्टरकडे निघालो. झुंबरबाईने चाचपून पाहिलं आणि माझ्यावरच ओरडली: "बाळंतिणीला अशी गाठ येतीच की. दुधाची गाठ हाय. शेका आन् पोराला पाजत ऱ्हावा, जाईल."

गाठ रात्रीतच गेली. तिच्याबरोबर दूधही गेलं. आज बंडू सकाळपासून ओढतो आहे आणि काही येत नाही.

२९ मार्च

गंगावेशीतून दूध आणतो. बंडू चमच्याने पितो, लगेच पुन्हा रडतो. पोटात काही गेलंच नाही असा रडतो. रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही. मनगटाच्या वळ्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. दवाखान्यात सलाईन लावलं की तासाभरात हातपाय हलवतो, खेळतो. घरी आणला की संध्याकाळपर्यंत पुन्हा सुकतो.

आज नंदिनी घरात दिसेना. तळघरात सापडली. चादरींच्या गठ्ठ्यांमागे, पूर्वेच्या भिंतीशी, फरशीवर तोंड लावून पडली होती. ओठ फरशीला टेकलेले. म्हणाली, इथेच काय ते गार आहे हो. मी तिला हाताला धरून वर आणली. रागावलोही. झडपेला कडी घातली.

२ एप्रिल

झुंबरबाईने ताराबाई पार्कात जाऊन सांगितलं असावं. रत्नव्वा आली. या खेपेला कळशी नव्हती. आल्याबरोबर विचारलं, "तुमच्या बायकूला काखंत गाठ आलती म्हनं. खरं हाय?" मी हो म्हटलं तशी खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

तिचा सासरा पंधरा दिवसांचा होता तेव्हा गावात प्लेग आला. सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहायला निघालं. सरकारची माणसं घरोघर काखा तपासत होती, गाठ दिसली की अख्खं घर छावणीत. आणि नेमका त्याच दिवशी या घरच्या ओल्या बाळंतिणीला ताप चढला आणि काखेत गाठ आली. सासूने तिच्या अंगावरचं पोर ओढून घेतलं. तिला तळघरात उतरवलं, एक तांब्या पाणी दिलं, सांजच्याला आणखी आणून देते म्हणाली, वरून कडी घातली आणि सगळं घर माळावर गेलं. परत यायचं धाडस कुणी केलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढलं. काही महिन्यांनी घर उघडलं तेव्हा ती झडपेखालच्या पायरीवर बसलेली होती. तिथेच भिंतीशी पुरली. गावाला सांगितलं, माळावर प्लेगाने गेली. पोराला हे खूप उशिरा कळलं. तेव्हापासून या घरच्या सुना तिला रोज पाणी घालतात.

मग रत्नव्वा म्हणाली, "शिवलिंगाच्या टायमाला मलाबी ताप आला. गाठ आली. त्याच काखंत. सुईण हसली, म्हणाली दुधाची हाय, पाज त्याला. दोन दिसांत गेली. तवा मला उमगलं. तिला पिलेग नव्हताच की वो. दूध साठलं हुतं. लेकरू अंगावर ठिवलं असतं तर उतरला असता ताप."

ती बराच वेळ रडली. जाताना म्हणाली, "फरशी फोडा न्हाईतर लेकरू घिऊन आजच्या आज भाईर पडा. चुलीत घाला त्या चादरी."

आजच्या आज कुठे जायचं? नंदिनीला अजून कणकण आहे, डॉक्टर एस.टी.चा प्रवास नको म्हणतात. लॉजात जावं, तर दुकान उघडून दहा दिवस झालेला माणूस भुताला भिऊन लॉजात राहिला म्हणून सगळा महाद्वार रोड हसेल. रविवारी सोलापूरला जाऊ. तोवर फरशी फोडतो.

४ एप्रिल

सयाजी नाही. जोतिबाची यात्रा आहे, सासनकाठीबरोबर गेला. एक गवंडी, एक बिगारी गावात नाही.

चादरींचे गठ्ठे वर मधल्या खोलीत आणून ठेवले आणि एकटाच पहार घेऊन उतरलो. फरशीचे चार टवके निघाले. खाली सिमेंट. पहार ठणकन उडते, हाताला फोड आले, सिमेंटवर ओरखडा तेवढा उमटला. इतकं पक्कं काम मी करून घेतलं.

मग नुसतं पाणी घातलं. कळशीवर कळशी. त्या जागेवर ओतलं, हात जोडले, बाई, चूक झाली म्हणालो. पाणी जागेवर थांबत नाही. मी दिलेल्या उतारावरून सरळ मोरीकडे जातं. दोन्ही हातांनी बांध घालून अडवलं तरी बोटांमधून जातं. ती जागा कोरडीच. खालून मला ओरबाडल्यासारखा आवाज आला. आला असावा.

५ एप्रिल

सकाळी झडपेखालून हाक आली. "अहो, पाणी द्या." नंदिनीचा आवाज. अगदी नंदिनीचाच. आणि नंदिनी माझ्यासमोर चुलीपाशी बसलेली, तिने ऐकलंसुद्धा नाही.

पुन्हा आली. "अहो—"

कडी तपासली. घट्ट आहे. आता मला फसवता येणार नाही. खालून कुणीही कुणाच्याही आवाजात बोलो, मी उघडणार नाही.

बंडू आज रडला नाही. ताकद नाही. टाळू खोल गेली आहे. दवाखान्यात नेला तर डॉक्टर यात्रेला. कंपाउंडर म्हणाला उद्या या. परवाची गाडी आहे. परवापर्यंत—

६ एप्रिल, दुपार

गल्लीत चिटपाखरू नाही. सगळे डोंगरावर.

दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर झडप उघडी आणि खालून हाक. "अहो, पाणी द्या. वर चढवत नाही. अहो—" तिचाच आवाज. फसलो नाही. झडप आपटली, कडी घातली, वर चादरींचे गठ्ठे रचले, एकावर एक. आतून फळ्यांवर थापा पडत होत्या. थापा मारू दे.

मग आतल्या खोलीत आलो, आणि देवा, डोळ्यांवर विश्वास बसेना. नंदिनी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली आहे, डोक्यावरून पदर, मांडीवर बंडू. आणि तो पितो आहे. चुटूचुटू आवाज इथे दारापर्यंत येतो. किती दिवसांनी. पान्हा फुटला. उंबऱ्यात बसून रडलो आणि वही घेतली, ही तारीख लिहून ठेवावी म्हणून. आमचं बाळ जगणार.

खालची हाक अजून चालू आहे. बारीक झाली आहे. मला या चुटूचुटू आवाजापुढे काही ऐकायचं नाही.

नंदिनीच्या हातात हिरव्या बांगड्या दिसतात. झुंबरबाईने भरवल्या असतील. विचारलं, बोलली नाही. दमली असेल. पाठीला माती लागली आहे तिच्या. लाल, मुरमासारखी—

खालची आता पाणी मागत नाही. नुसती हाक मारते. कालिंदीचे बाबा. दार उघडा, कालिंदीचे बाबा—

ते नाव या गावात कुणालाच—

गठ्ठे काढायला पाहिजेत. पण मी उठलो तर बंडू हिच्या— तो अजून पितो आहे. मी हलतो आहे हे हिला कळलं. हिने पदर मागे केला, आणि आता मान वळवून ही माझ्याक—